संगणकाची ओढ की नियमाची ओढ?

घरातील एक मूल बोलावले तरी वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत निघून जाते. परंतु दुकानातील संगणकासमोर बसविले की दोन-दोन तास जागचे हलत नाही. कोणी न शिकविता ते फायली उघडते, बंद करते, मालाची यादी वर-खाली फिरवीत राहते. काही दिवसांनी घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांना धीर देऊ लागतात, “याला काही झालेले नाही. हा मोठेपणी संगणकतज्ज्ञ होईल.” त्याच घरातील आजी मात्र हळू आवाजात म्हणते, “त्या यंत्रानेच पोराचे डोके फिरविले.” दोन्ही मते एकाच छपराखाली नांदतात आणि दोहोंमुळे एक गोष्ट लांबणीवर पडते, ती म्हणजे मुलाला वेळेवर तज्ज्ञाकडे नेणे.

स्वमग्न माणसांना संगणकाची विशेष ओढ असते का, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. त्याच्या उत्तरावर मुलाची शाळा, त्याचे पुढील काम, पेढीत त्याला मिळणारी जागा आणि आईवडिलांच्या पश्चात त्याची होणारी व्यवस्था अवलंबून असते. आणि या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सुरुवात संगणकापासून करून चालत नाही. ती एका बँकेपासून करावी लागते.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट हा मुलगा जन्मला. वडील वकील, आईच्या माहेरचा गावातील बँकेशी संबंध. म्हणजे घर सुस्थितीतील व प्रतिष्ठित. मुलगा लहानपणीच ऐकलेल्या चाली अचूक गुणगुणू लागला, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे मुखोद्गत म्हणू लागला. मात्र आई खोलीत आली काय नि गेली काय, त्याला त्याचे सोयरसुतक नसे. तवे, ठोकळे, जे जे म्हणून फिरविता येईल ते ते तो जमिनीवर गरगर फिरवी आणि आनंदाने उड्या मारी. फिरणाऱ्या वस्तूला कोणी हात लावला, की आकांत. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून, वयाची चार वर्षेही पुरी झाली नसताना, त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत आणले. त्या काळी अशा मुलाला विसरून जा, असाच सल्ला बहुधा दिला जाई. तो त्यांनी अखेर मानला नाही, ही या हकिकतीतील पहिली महत्त्वाची गोष्ट.

वडिलांनी मुलाविषयी ३३ पानांचे टिपण लिहून काढले आणि बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे धाडले. एखाद्या जुन्या पेढीवरील मुनीमजींनी रोजमेळ लिहावा तसे ते टिपण बारकाईचे होते. कॅनर यांनी १९३८ मध्ये मुलाला तपासले. पुढे तशीच आणखी मुले त्यांच्याकडे आली. १९४३ मध्ये त्यांनी ११ मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यात आठ मुलगे व तीन मुली होत्या आणि पहिल्या क्रमांकावर डोनाल्ड होता. ‘ऑटिझम’ हा शब्द त्याआधी स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी वेगळ्या अर्थाने वापरलेला होता. ग्रीक भाषेतील ‘स्व’ या अर्थाच्या शब्दावरून तो बनला आहे. मराठीत रूढ झालेला ‘स्वमग्नता’ हा शब्द त्याच्याशी जुळणारा असला, तरी थोडासा फसवाही आहे. ही मुले स्वतःत मग्न असतात असे त्यातून वाटते. डोनाल्ड स्वतःत मग्न नव्हता. तो तव्यात, ठोकळ्यात, आकड्यांत मग्न होता.

येथे एक बाब ध्यानी घ्यावी. १९४३ साली सामान्य माणसाच्या आसपास संगणक नव्हताच. तरीही कॅनर यांच्या नोंदींत वस्तूंची ओढ, क्रमाचा आग्रह, गणना, पाठांतर आणि जे काल जसे होते तसेच आज असावे ही हट्टाची इच्छा सर्वत्र दिसते. याचा अर्थ, पुढे जी ओढ संगणकाकडे वळली ती संगणकाच्या पुष्कळ आधी अस्तित्वात होती. तिने निरनिराळ्या काळी निरनिराळी घरे शोधली: आगगाडीचे वेळापत्रक, दिनदर्शिका, नकाशे, नाणी. आज ती पडद्यावर आली आहे.

डोनाल्ड नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याला गावापासून काही मैलांवरील एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यात आले. १९४५ मध्ये कॅनर स्वतः तेथे गेले आणि जे पाहिले ते त्यांनी पुढे लिहून ठेवले. त्या दांपत्याचे फार शिक्षण झालेले नसावे. पण त्यांनी जे केले ते भल्या भल्या शिक्षणशास्त्र्यांनी हेवा करावा असे होते. मुलाला मोजमापाचे वेड होते, तर त्यांनी त्याच्याकडून विहीर खणविली आणि तिची खोली किती झाली हे त्याने सांगावे, असे ठरविले. तो मेलेले पक्षी व किडे गोळा करी, तर त्यांनी त्याला कुंपणाआत एक कोपरा स्मशानभूमी म्हणून दिला. तो प्रत्येकाच्या जागी नावाची खूण लावी. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजीत बसे, तर त्याने त्या नांगरता नांगरता मोजाव्यात, अशी योजना केली. कॅनर पाहत असता त्याने सहा लांबलचक ओळी नांगरल्या आणि घोडा व नांगर उत्तम रीतीने वळविला. वेड काढून टाकण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. त्या वेडाला जू लावले, इतकेच.

डोनाल्ड पुढे शाळेत गेला, १९५८ मध्ये फ्रेंच विषय घेऊन पदवीधर झाला आणि ज्या बँकेशी आईच्या कुटुंबाचा संबंध होता तेथे नोकरीस लागला. ८७ गुणिले २३ हे उत्तर तो क्षणात देई, अशी ख्याती होती. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो मोटार चालवायला शिकला. गोल्फ खेळू लागला. एकट्याने तीसहून अधिक देश पाहून आला, मात्र कुठलाही प्रवास सहा दिवसांहून लांबवीत नसे. कॅनर यांनी १९७१ मध्ये या ११ मुलांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा डोनाल्ड बँकेत रोखपालाचे काम करीत होता, समाधानी होता आणि बढतीची त्याला इच्छा नव्हती. बँकेत बढती नको असलेला माणूस म्हणजे अनेक अधिकाऱ्यांना कोड्यात टाकणारा प्रकार; पण रोकड रोज संध्याकाळी पैशास पैसा जुळते यातच ज्याचे समाधान आहे, त्याला वरच्या खुर्चीतील वादावादी हवी कशाला?

त्या ११ जणांत डोनाल्डइतकेच बरे चाललेले दुसरे उदाहरण फ्रेडरिक याचे होते. तो एका कार्यालयात प्रती काढण्याच्या यंत्रावर काम करीत होता आणि विश्वासूपणा, काटेकोरपणा व सहकाऱ्यांविषयीची आस्था यांबद्दल त्याच्या वरिष्ठांनी त्याची मनापासून वाखाणणी केली होती. एक आकड्यांपाशी स्थिरावला, दुसरा यंत्रापाशी. उरलेल्यांपैकी जी मुले मोठ्या सरकारी रुग्णालयांत टाकली गेली, त्यांचे पूर्वीचे कौशल्यही विझून गेले. अशा ठिकाणी भरती होणे म्हणजे जवळपास जन्मठेपच, हा कॅनर यांचा निष्कर्ष होता. मुलाच्या आजाराची तीव्रता आणि त्याला मिळालेले घर यांत कशाचा वाटा किती, हे अकरा उदाहरणांवरून ठरविणे कठीण. पण घराचा वाटा शून्य नव्हता, एवढे निश्चित.

मग संगणकाचे वैशिष्ट्य काय? बँकेत ज्यांनी हाताने खतावण्या लिहिल्या, सहामाही हिशेबाच्या रात्री नऊ पैशांचा फरक शोधण्यासाठी जागरणे केली, त्यांना हे लवकर उमगावे. माणूस एकाच प्रश्नाला सकाळी एक व संध्याकाळी दुसरे उत्तर देतो. गिऱ्हाईक हसून ‘बघतो’ म्हणते, त्याचा अर्थ ‘घेणार नाही’ असा असतो. व्यापाऱ्याचा मुलगा हे गल्ल्यावर बसून आठव्या वर्षी शिकतो. स्वमग्न मुलाला नेमके हेच शिकता येत नाही, किंवा फार कष्टाने येते. चेहऱ्यावरचा भाव, आवाजातील चढउतार, अर्धवट सोडलेले वाक्य, डोळ्यांची खूण, हे सारे एकाच वेळी येऊन आदळते आणि त्यातील अर्थ निवडेपर्यंत पुढचे वाक्य सुरू झालेले असते. संगणक असे काही करीत नाही. एक कळ दाबली की तेच घडते, शंभर वेळा दाबली तरी तेच. तो रागावत नाही, कंटाळत नाही, घाई करीत नाही, नजरेला नजर द्या म्हणत नाही. चूक झाली तर पूर्ववत करण्याची सोय आहे. माणसांशी वागताना झालेली चूक अशी पुसता येत नाही.

ब्रिटनमधील डायना मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याविषयी एक विचार मांडला. सर्वसाधारण माणसाचे लक्ष एकाच वेळी अनेक गोष्टींवर थोडे थोडे विखुरलेले असते; स्वमग्न माणसाचे लक्ष एका अरुंद मार्गाने, पण पूर्ण जोराने वाहते. संगणकाचा पडदा चौकटीत बंदिस्त असतो, बाहेरचे काही आत शिरत नाही. अशा मनाला तो साहजिकच सोयीचा. केंब्रिज विद्यापीठातील सायमन बॅरन-कोहेन यांचे म्हणणे थोडे वेगळे आहे. ‘हे केले तर ते होते’ अशा नियमांनी चालणाऱ्या रचना उलगडण्याची प्रवृत्ती स्वमग्न व्यक्तींत प्रबळ असते, असे ते मानतात. आणि संगणकाइतकी शुद्ध नियमबद्ध रचना दुसरी कोणती? त्यांच्या काही मतांवर, विशेषतः या प्रवृत्तीला पुरुषी मेंदूशी जोडण्यावर, बरीच टीका झालेली आहे. स्वमग्न मुली वर्षानुवर्षे ओळखल्याच गेल्या नाहीत, त्याला असल्या समजुतींनीही हातभार लावला असे अनेकांना वाटते. तरी नियमाच्या ओढीचा मुद्दा प्रत्यक्ष मुलांबरोबर राहणाऱ्यांना पटण्यासारखा आहे.

ही ओढ शिक्षणासाठी वापरण्याचे प्रयत्नही घरोघरी संगणक येण्याच्या आधीचे आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केनेथ कोल्बी यांनी १९६० च्या दशकात न बोलणाऱ्या मुलांना कळफलकासमोर बसविले. मुलाने अक्षराची कळ दाबली की अक्षर पडद्यावर उमटे आणि त्याचा आवाज ऐकू येई. जी मुले माणसाच्या आवाजाला प्रतिसाद देत नव्हती, त्यांतील काही या खेळात आवाज काढू लागली. १९७६ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे सिल्व्हिया वेअर व रिकी इमॅन्युएल यांनी एका स्वमग्न मुलाला जमिनीवर फिरणारे, संगणकाच्या आज्ञेने चालणारे यंत्रकासव दिले. कासवाला चालविता चालविता मुलगा शेजारी बसलेल्या माणसाशी संवाद करू लागला. यंत्र माणसापासून तोडते असे आपण गृहीत धरतो. येथे यंत्र मध्ये आल्यामुळे दोन माणसांना बोलण्यासारखा सामाईक विषय मिळाला.

१९९० च्या दशकात इंटरनेट आल्यावर तर फारच मोठा बदल घडला. दूरदूर विखुरलेल्या प्रौढ स्वमग्न व्यक्तींना परस्परांचा पत्ता लागला. समोरासमोर बसून बोलण्याचा ताण नाही, उत्तर द्यायला हवा तितका वेळ, आणि आवाजाऐवजी लिखित अक्षर. जिम सिंक्लेअर या स्वमग्न कार्यकर्त्याने १९९३ मध्ये आईवडिलांना उद्देशून ‘आमच्यासाठी शोक करू नका’ अशा आशयाचा लेख लिहिला, तो याच काळातला. पुढे १९९७ मध्ये पत्रकार हार्वे ब्लूम यांनी, बहिऱ्यांसाठी खाणाखुणांच्या भाषेने जे केले तेच या लोकांसाठी इंटरनेट करील, असे भाकीत वर्तविले. यावरून दिसते, की ज्यांना यंत्राचे वेडे समजले जात होते त्यांच्यापैकी अनेकांना यंत्रामागची माणसे हवी होती. फक्त माणसांपर्यंत जाण्याचा रूढ दरवाजा त्यांना फार अरुंद पडत होता.

आता आकड्यांकडे वळावे. २००१ मध्ये पत्रकार स्टीव्ह सिल्बरमन यांनी कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीविषयी एक गाजलेला लेख लिहिला. संगणक अभियंत्यांच्या त्या प्रदेशात स्वमग्न मुले जास्त जन्मतात काय, अशी शंका त्यातून सर्वत्र पसरली. शंका ही शंकाच असते. तिची काहीशी पद्धतशीर तपासणी नेदरलँड्समध्ये झाली. फिलिप्स कंपनीचे माहेरघर असलेल्या आइंडहोव्हन परिसरातील सुमारे ३० टक्के नोकऱ्या माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील. हार्लेम व युट्रेक्ट या तुलनेच्या दोन परिसरांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याच्या आसपास. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत तिन्ही ठिकाणच्या शाळांकडून माहिती मागविली गेली. आइंडहोव्हनमध्ये दर दहा हजार मुलांमागे २२९ स्वमग्न मुले आढळली, हार्लेममध्ये ८४ आणि युट्रेक्टमध्ये ५७. लक्ष न लागणे यांसारख्या इतर अडचणींचे प्रमाण मात्र तिन्हीकडे जवळपास सारखे होते.

फरक डोळ्यांत भरणारा खरा. तथापि हिशेब तपासणारा माणूस येथे थांबतो आणि मूळ पावती मागतो. ही निदाने पाहणीकर्त्यांनी स्वतः केलेली नव्हती. ती शाळांनी कळविलेली होती. सुशिक्षित अभियंत्यांच्या वस्तीत पालक अधिक जागरूक, शाळा अधिक सजग, म्हणून निदानही अधिक, असेही असू शकेल. त्यामुळे या पाहणीकडे पक्का ताळेबंद म्हणून न पाहता कच्चा खर्डा म्हणून पाहावे.

अधिक थेट पुरावा अमेरिकेतील एका राष्ट्रीय पाहणीतून २०१३ मध्ये पुढे आला. महाविद्यालयात पोहोचलेल्या स्वमग्न विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३४ टक्क्यांनी विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी वा गणित हे विषय घेतले होते; सर्वसाधारण विद्यार्थ्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. नुसत्या संगणकशास्त्रापुरते पाहिले तर १६ टक्के विरुद्ध ७ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक. तेव्हा ओढ आहे का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी द्यायला हरकत नाही. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू वाचली पाहिजे. संगणकशास्त्र घेणारे शंभरात सोळा, म्हणजे न घेणारे चौऱ्याऐंशी. शिवाय हे सारे महाविद्यालयात पोहोचलेल्यांचे प्रमाण आहे; आणि त्याच पाहणीत स्वमग्न तरुणांपैकी जेमतेम एक तृतीयांशच महाविद्यालयाची पायरी चढले होते. उरलेल्या दोन तृतीयांशांचे काय?

या उरलेल्यांविषयी लोकांना बोलायला आवडत नाही. १९८८ चा ‘रेन मॅन’ हा इंग्रजी चित्रपट आल्यापासून स्वमग्न माणूस म्हटला की टाचणीही न चुकता मोजणारा विलक्षण बुद्धीचा माणूस डोळ्यांपुढे येतो. गंमत अशी, की ज्या किम पीक यांच्यावरून ते पात्र सुचले, ते स्वमग्न नसून त्यांना वेगळाच जन्मजात दोष असावा असे पुढे तज्ज्ञांचे मत झाले. असामान्य कौशल्य असणारी स्वमग्न माणसे असतात, पण ती थोडी. बऱ्याच मुलांना स्वमग्नतेबरोबर बौद्धिक अक्षमताही असते. काहींना आयुष्यभर वाचा येत नाही. काहींना अपस्माराचे झटके येतात. अशा मुलाच्या आईला कोणी लग्नसमारंभात कौतुकाने विचारतो, “मग याची खास कला कोणती?” तेव्हा तिने काय उत्तर द्यावे? संगणकाच्या दंतकथेने काही घरांना आशा दिली, तशी काही घरांच्या पदरी दुहेरी निराशाही टाकली.

नोकरीच्या बाबतीत तिने थोडे काम मात्र केले आहे. डेन्मार्कमधील एका दूरसंचार कंपनीत अधिकारी असलेले थॉर्किल सोने यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी २००४ च्या सुमारास ‘स्पेशलिस्टर्न’ ही संस्था काढली आणि सॉफ्टवेअरमधील चुका शोधण्याचे काम स्वमग्न व्यक्तींकडे सोपविले. संस्थेचे चिन्ह म्हणून त्यांनी डँडेलियन हे फूल निवडले: हिरवळीत उगवले तर तण, योग्य जागी लावले तर उपयोगी वनस्पती. जर्मनीच्या सॅप कंपनीने २०१३ मध्ये या संस्थेशी करार केला. त्याआधी कंपनीने भारतातील आपल्या केंद्रात सहा स्वमग्न व्यक्तींना सॉफ्टवेअर तपासणीच्या कामावर घेऊन पाहिले होते, म्हणजे या जागतिक योजनेची एक पहिली चाचणी आपल्या देशात झाली. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट व जेपी मॉर्गन चेस बँक यांनीही अशा योजना सुरू केल्या. या कंपन्यांनी जो महत्त्वाचा बदल केला तो संगणकात नव्हता, मुलाखतीत होता. हस्तांदोलन, नजर आणि चटपटीत उत्तरे यांवर गुण देण्याऐवजी उमेदवाराला काही दिवस प्रत्यक्ष काम देऊन पाहिले गेले. आपल्याकडील जुने पेढीवाले नव्या गुमास्त्याला आधी महिनाभर दुकानात बसवून पाहत, तशातलाच हा प्रकार.

तरी याने फार हुरळून जाऊ नये. ब्रिटनच्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाने २०२० सालासाठी दिलेल्या आकड्यांनुसार तेथील स्वमग्न प्रौढांपैकी सुमारे २२ टक्केच कामधंद्यात होते. ज्या देशात जागरूकता एवढी, तेथे ही अवस्था.

आजींच्या शंकेलाही उत्तर द्यायला हवे, कारण ती आज तरुण मातापित्यांच्याही तोंडी ऐकू येते: मोबाइल व संगणकामुळे मूल स्वमग्न होते का? स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता असून तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. डोनाल्डच्या पाळण्याजवळ मोबाइल नव्हता. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द सध्या फार फिरतो. वैद्यकशास्त्राच्या मान्य वर्गीकरणात त्याला स्थान नाही. मात्र पडद्यासमोर ठेवलेल्या लहान मुलाचे बोलणे मागे पडू शकते, झोप बिघडते, हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील बाळांना पडदा नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना एक तासाहून अधिक नको, असे सुचविले आहे. अनेकदा उलटे घडते: मूल आधीच माणसांपासून दूर राहणारे असते, म्हणून ते पडद्याकडे वळते, आणि घरच्यांना पडद्यानेच ते दूर नेले असे वाटते.

पडद्याचा अतिरेक मात्र स्वमग्न मुलांच्या बाबतीत अधिक होतो, हेही नाकारता येत नाही. अमेरिकेत मिका माझुरेक व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्वमग्न मुले व त्यांची भावंडे यांची तुलना केली. इतर सर्व उद्योगांत मिळून जितका वेळ जाई, त्याहून ६२ टक्के अधिक वेळ ही मुले दूरदर्शन व व्हिडिओ खेळ यांत घालवीत होती. जे मूल एका गोष्टीतून दुसरीकडे वळायलाच कष्टते, त्याच्या हातून मोबाइल हिसकावून घेणे म्हणजे चालत्या गाडीखालून रूळ काढणे होय. मग आरडाओरडा होतो आणि शेजारी म्हणतात, लाडावून ठेवले आहे. आधी सूचना द्यावी, वेळ दाखविणारे घड्याळ समोर ठेवावे, पुढे काय करायचे हे चित्राने सांगावे, आणि रोज तोच क्रम राखावा. नियम आवडणाऱ्या मुलाला नियमच द्यावा लागतो. लहर चालत नाही.

न बोलणाऱ्या मुलाच्या हाती तोच पडदा वाचा म्हणून देता येतो, ही त्याची सर्वांत मोलाची बाजू. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी विकसित केलेले ‘आवाज’ हे साधन याचे भारतीय उदाहरण आहे. मूल चित्रावर बोट ठेवते, यंत्र शब्द उच्चारते, चित्रे जोडत गेले की वाक्य तयार होते. भारतीय भाषांतही ते उपलब्ध आहे. ज्या घरात दहा वर्षे केवळ हात धरून ओढत नेऊन पाणी मागितले गेले, त्या घरात ‘पाणी हवे’ हे शब्द यंत्राच्या आवाजात का होईना, ऐकू येणे किती मोठे, हे सांगण्याची गरज नाही.

व्यापारी कुटुंबांना येथे एक सोय आहे, जी नोकरदाराला नाही. कामाची जागा त्यांच्या ताब्यात असते. मुलाखत नाही, मधला साहेब नाही, वेळा आपल्या. गिऱ्हाइकाशी घासाघीस करणे ज्याला जन्मात जमणार नाही, तो मालाच्या पट्ट्यांवरील संकेतांक तपासू शकेल, टॅलीमधील नोंदी बिलांशी ताडून पाहील, बँकेच्या उताऱ्याशी खात्याचा ताळमेळ घालील, गोदामातील पेट्या क्रमाने लावील. सगळ्यांना हे जमेल असे नाही. ज्याला जमेल त्याला विचारून पाहावे. मात्र गल्ल्यामागे दाखविण्यापुरते बसवून ठेवणे म्हणजे काम देणे नव्हे. आणि ज्याला आकड्यांत रस नाही, संगणक पाहूनही जो पाठ फिरवितो, सुरांत किंवा मातीकामात रमतो, त्याच्यावर ‘ही मुले संगणकात हुशार असतात’ म्हणून शिकवणी लादणे हा निव्वळ अन्याय.

अनेक घरांत निदानच लपविले जाते. मोठ्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे, समाजात बोलबाला नको, ही त्यामागची भीती. भीती खोटी नाही; पण तिची किंमत मुलाला मोजावी लागते, आणि ती वाढत्या व्याजाने. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ज्या गटासाठी आहे, त्यात ती येते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. अठरा वर्षे पुरी झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते आणि आईवडिलांचा त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार संपतो, हे बँकेच्या खिडकीवर उभे राहीपर्यंत पुष्कळांना ठाऊक नसते. पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसेल तर यांतले काहीही होत नाही, आणि निदान लपविले तर प्रमाणपत्र कोठून येणार? मिळकतीची वाटणी करतानाही त्या मुलाचा हिस्सा केवळ भावाच्या सद्भावनेवर सोडू नये. लेखी विश्वस्तव्यवस्था करावी. भाऊ कितीही चांगला असला तरी त्याचीही मुले मोठी होतात, भागीदाऱ्या मोडतात, धंद्याला मंदी येते.

ट्रिपलेट कुटुंबाने असे केले होते. डोनाल्डचा खर्च चालावा म्हणून त्यांनी निधीची व्यवस्था लावून दिली. आईवडील गेल्यावरही तो त्याच घरात राहिला, गावातील मित्रांबरोबर सकाळी कॉफी घेत राहिला, गोल्फ खेळत राहिला. जॉन डॉनव्हन व कॅरेन झुकर हे दोन पत्रकार २०१० च्या आसपास त्याच्या शोधात फॉरेस्टला गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आधीच बजावले, की आमच्या डॉनला दुखावले तर आमच्याशी गाठ आहे. तो गावाचाच माणूस झाला होता.

जून २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी, डोनाल्डचे निधन झाले. लोकांना क्रमांक देण्याची त्याची जुनी सवय होती. ज्याच्याशी ओळख होई त्याला तो एक आकडा बहाल करी. का, ते कधी सांगत नसे. पत्रकारांनी गावात चौकशी केली तेव्हा त्याच्या तरुणपणीचे सोबती, आता पिकल्या केसांचे, आपापला क्रमांक लगेच सांगू शकले. त्यांना भेटल्यावर डोनाल्डही तोच आकडा म्हणत असे.